दाराबाहेरची संत्री : ‘फॉरेन’ या शब्दाचं एक प्रकरण

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी काही गाजलेल्या निकालांचं मराठी करून देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. महिनाभर ते सुरळीत चाललं. मग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९०१ च्या एका निकालातल्या एका वाक्यापाशी मी थांबले, आणि तिथेच आठवडा गेला. न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांचं ते वाक्य कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको या बेटाबद्दल आहे. ते म्हणतात, आंतरराष्ट्रीय अर्थाने हे बेट अमेरिकेला ‘फॉरेन’ नाही, कारण त्यावर अमेरिकेचीच सत्ता आहे. पण ‘डोमेस्टिक’ अर्थाने ते ‘फॉरेन’ आहे.

या ‘फॉरेन’ला मराठीत काय म्हणायचं? आपल्याकडे या एका शब्दाची कामं कधीच वाटून दिलेली आहेत. चलन परकीय, मंत्रालय परराष्ट्र, मद्य विदेशी, शिक्षण परदेशी. डोळ्यात काही गेलं की डॉक्टर कागदावर ‘फॉरेन बॉडी’ लिहितात आणि आपण म्हणतो, ‘डोळ्यात काहीतरी गेलंय.’ मी सगळे शब्द त्या वाक्यात घालून पाहिले. ‘देशांतर्गत अर्थाने परदेशी’ असं छापलं असतं, तर विद्यार्थ्याला वाटलं असतं की मधली ओळ गळली.

शेवटी वाक्य बाजूला ठेवलं. आधी प्रकरण पहिल्यापासून वाचलं, मग शब्द मुळापासून पाहिला. या दोन वाचनांतून जे हाती आलं ते इथे मांडते आहे. हे प्रकरण साखरेच्या आणि संत्र्यांच्या सीमाशुल्काचं होतं, पण ते सगळं उभं राहिलं एका शब्दावर, आणि त्या शब्दापायी लाखो माणसांचं काय झालं ते आजही संपलेलं नाही.

साखर आणि संत्री

२५ जुलै १८९८ रोजी अमेरिकेचं सैन्य प्वेर्तो रिकोच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्वानिका इथे उतरलं. स्पेनशी लढाई चालू होती. १० डिसेंबर १८९८ ला पॅरिसमध्ये तह झाला आणि स्पेनने प्वेर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केले. ११ एप्रिल १८९९ ला दोन्ही सरकारांनी मान्यतापत्रं एकमेकांना दिली. त्या दिवसापासून बेट कायद्याने अमेरिकेचं झालं.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर डी. ए. डी लीमा आणि कंपनीने सान हुआन बंदरातून न्यूयॉर्कला साखर आणली. न्यूयॉर्क बंदराचे सीमाशुल्क अधिकारी जॉर्ज बिडवेल यांनी १८९७ च्या डिंगली कायद्याप्रमाणे शुल्क मागितलं. तो कायदा ‘फॉरेन’ देशांतून येणाऱ्या मालावर शुल्क लावत होता. कंपनीने १३ हजार डॉलरांहून अधिक रक्कम अंडर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत नोंदवून, भरली आणि दावा लावला. म्हणणं सरळ होतं : आमची साखर अमेरिकेच्याच एका भागातून आली आहे, फॉरेन देशातून नाही.

दरम्यान १२ एप्रिल १९०० रोजी अमेरिकी काँग्रेसने फोरेकर कायदा केला. बेटावर लष्कराच्या जागी नागरी सरकार आलं. पण त्याच कायद्याने बेटावरून येणाऱ्या मालावर डिंगली दराच्या १५ टक्के शुल्क बसवलं. पूर्ण नाही, माफही नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सॅम्युएल डाउन्स या व्यापाऱ्याची संत्री सान हुआनहून न्यूयॉर्कला आली. शुल्क झालं ६५९ डॉलर ३५ सेंट. त्यांनीही ते अंडर प्रोटेस्ट भरलं. त्यांचा आधार राज्यघटनेचा होता. सगळी शुल्कं ‘संपूर्ण युनायटेड स्टेट्समध्ये सारखी’ असतील, असं घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. फ्लोरिडाची संत्री न्यूयॉर्कला आली तर बंदरावर त्यांना कोणी अडवत नाही. मग सान हुआनच्या संत्र्यांनी काय पाप केलं?

दोन्ही दाव्यांत प्रतिवादी एकच, बिडवेल. डाउन्सच्या बाजूने उभे होते फ्रेडरिक कुडेर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

दार

आता शब्द. हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

लॅटिनमध्ये दाराला ‘फोरिस’ म्हणत. दाराला दोन फळ्या असतात म्हणून बहुतेक वेळा अनेकवचनी, ‘फोरेस’. त्याच शब्दापासून ‘फोरीस’ म्हणजे दाराबाहेर आणि ‘फोरास’ म्हणजे दारातून बाहेरच्या दिशेला, अशी क्रियाविशेषणं झाली. पुढे मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘फोरानेउस’, म्हणजे बाहेरच्या अंगाचा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फोरेन’, आणि १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत शिरला. इंग्रजीचा स्वतःचा शब्द होता ‘फ्रेम्ड’, जर्मनमध्ये तो आजही नांदतो आहे. इंग्रजीत पाहुण्याने यजमानाला घालवलं.

इंग्रजीतला त्याचा अगदी सुरुवातीचा एक वापर मला फार आवडतो. ‘चेंबर फोरेन’ म्हणजे मुख्य घरापासून वेगळी काढलेली खोली, अर्थात शौचकूप. आपली जुनी माणसं ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हणायची, तसंच ते. म्हणजे ‘फॉरेन’चं पहिलं अंतर समुद्रापारचं नव्हतंच. ते उंबरठ्यापासून परसापर्यंतचं होतं.

‘फोरिस’च्या मुळाशी इंडो-युरोपीय भाषांच्या अभ्यासकांनी ‘ध्वेर’ असा धातू मांडला आहे. त्याचं गोत मोठं आहे. इंग्रजीतलं ‘डोअर’ त्यातलं. ग्रीक ‘थुरा’ त्यातलं. दारासारख्या लांबट ढालीला ग्रीकांनी त्यावरून नाव दिलं आणि त्या ढालीच्या आकारावरून आपल्या गळ्यातल्या ग्रंथीला थायरॉइड म्हणतात. फारसी ‘दर’ त्यातलं, म्हणून आपला दरवाजा, दरवान आणि दरबारही त्यातलेच. आणि संस्कृत ‘द्वार’. मूळच्या ‘ध’चा संस्कृतात ‘द’ झाला तो दोन फळ्यांमुळे ‘द्वि’ या शब्दाशी सांगड बसून, असं मानलं जातं. ऋग्वेदातल्या आप्री सूक्तांत यज्ञमंडपाच्या दारांनाच देवी म्हणून आळवलं आहे. द्वारचं प्राकृतात दार झालं, आणि तेच आपल्या घराला आहे.

म्हणजे ‘फॉरेन’ हा शब्द आपल्या ‘दारा’चा सख्खा नातेवाईक आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी टेबलावरून उठून खरोखरच आमच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

पण एक अडचण होती. ‘फॉरेन’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जी’ हे अक्षर आहे. लॅटिन ‘फोरानेउस’मध्ये ते नाही, फ्रेंचमध्ये नाही, चौदाव्या शतकातल्या इंग्रजीतही नाही. ते नंतर घुसलं, ‘रेन’ म्हणजे राज्य करणं आणि ‘सॉव्हरिन’ म्हणजे सार्वभौम या शब्दांच्या देखादेखी. यातही गंमत आहे ती अशी की ‘सॉव्हरिन’मधला ‘जी’सुद्धा उसना आहे. त्याचं मूळ ‘सुपर’, म्हणजे वर. खरा हक्क फक्त ‘रेन’चा, कारण त्याचं लॅटिन मूळ ‘रेग्नुम’, आणि ‘रेग्नुम’ आपल्या राजा-राज्याच्या कुळातला. राज्याचा ‘ग’ असा दोन परक्या घरांत जाऊन बसला. तो उच्चारात येत नाही, पण लिहिताना चुकवता येत नाही.

दाराबाहेरचा तो फॉरेन. त्याच्या पोटात, न उच्चारलेलं, राज्याचं अक्षर. १९०१ च्या खटल्यात नेमका याच दोन गोष्टींचा झगडा होता. बाहेरचं ठरवायचं ते राज्याच्या हद्दीवरून की दारावरून?

आणि व्हाइट यांच्या वाक्यातला दुसरा शब्द, ‘डोमेस्टिक’. तो लॅटिन ‘डोमुस’पासून, म्हणजे घर. वेदातला ‘दम’ तोच. दंपती म्हणजे मुळात घराचे धनी. तेव्हा त्या वाक्याचे शब्द मुळापर्यंत खरवडले तर खाली उरतं ते एवढंच : घराच्या हिशेबाने दाराबाहेरचं. व्हाइट हे मनात धरून लिहायला बसले असतील असं मी म्हणत नाही; शब्दाची व्युत्पत्ती न्यायाधीशाला बांधून ठेवत नाही, आणि अनुवादकालाही. पण सहाशे वर्षांत शब्दाचा खालचा थर किती शाबूत राहिला होता ते इथे दिसतं.

आपल्यातलेच फॉरेन

‘फॉरेन’ म्हणजे दुसऱ्या देशाचा, हा अर्थ आपल्याला आज इतका पक्का वाटतो की व्हाइट यांनी शब्दाची ओढाताण केली असंच पहिल्यांदा वाटतं. मलाही वाटलं होतं. पण इंग्रजीचा जुना व्यवहार पाहिला की हे मत बदलावं लागतं.

मध्ययुगीन लंडनमध्ये ‘फॉरेन’ म्हणजे इंग्रजच, पण ज्याला लंडन शहरात धंदा करायची मुभा नाही असा. समुद्रापलीकडून आलेल्याला वेगळे शब्द होते, ‘एलियन’ किंवा ‘स्ट्रेंजर’. म्हणजे शेजारच्या परगण्यातला विणकर लंडनमध्ये फॉरेन आणि समुद्रापलीकडच्या फ्लँडर्सहून (आजच्या बेल्जियमकडून) आलेला विणकर एलियन. इंग्लंडच्या मध्य भागातल्या वॉल्सॉल गावाची दोन अंगं होती, एक बरो, म्हणजे मुख्य शहर, आणि दुसरं ‘वॉल्सॉल फॉरेन’. किडरमिन्स्टर फॉरेन, रायगेट फॉरेन अशीही नावं होती. गावाच्या वेशीबाहेरचा, पण त्याच गावाचा मुलूख, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत तर वकिलांच्या बोलण्यात हे अजून जिवंत आहे. डेलावेअर राज्यात नोंदलेली कंपनी न्यूयॉर्क राज्यात ‘फॉरेन कॉर्पोरेशन’ असते. भारतातून गेलेली कंपनी ‘एलियन’.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीत ‘परदेशी’ हा शब्द कित्येक पिढ्या उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसासाठी वापरला गेला. मराठ्यांच्या फौजेत परदेशी शिपाई होते, आज परदेशी आडनावाची घरं महाराष्ट्रभर आहेत, आणि त्यांचा परदेश नर्मदेच्या पलीकडे होता, समुद्राच्या नाही. कोकणातला माणूस घाट चढला की ‘देशावर’ जायचा. मुंबईत शिरणारा ट्रक २०१७ पर्यंत मुलुंडच्या किंवा दहिसरच्या जकात नाक्यावर थांबायचा, माल नाशिकचा असो नाहीतर पंजाबचा. आणि दारूच्या दुकानाच्या पाटीवर आजही असतं : भारतीय बनावटीचे विदेशी मद्य. ते कोणाला खटकत नाही, कारण तिथे ‘विदेशी’ म्हणजे कुठून आलं ते नाही, कोणत्या खात्यात धरलं ते.

हा शेवटचा मुद्दा मला या प्रकरणाची किल्ली वाटतो. फॉरेन हे अंतराचं मोजमाप नाही, दाराशी उभं राहून केलेली वर्गवारी आहे. आणि वर्गवारी करणारा नेहमी आतला असतो.

एकाच दिवशी दोन निकाल

२७ मे १९०१. साखरेचा आणि संत्र्यांचा निकाल त्याच दिवशी लागला. दोन्ही पाच विरुद्ध चार मतांनी. दोन्ही निकाल वाचून दाखवणारे न्यायमूर्ती एकच, हेन्री बिलिंग्ज ब्राउन.

साखरेच्या निकालात ब्राउन यांनी फॉरेन देशाची जुनी व्याख्या घेतली. जो देश पूर्णपणे दुसऱ्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वाखाली आहे आणि अमेरिकेच्या सार्वभौमत्वाबाहेर आहे, तो फॉरेन. तह झाल्यावर प्वेर्तो रिको या व्याख्येत बसत नाही. म्हणून डिंगली कायदा लागू नाही, म्हणून डी लीमाचे पैसे परत. इथे राज्याच्या अक्षराने शब्दाचा अर्थ ठरवला.

संत्र्यांच्या निकालात हेच ब्राउन म्हणाले की बेट फॉरेन नसलं तरी त्यामुळे ते ‘युनायटेड स्टेट्स’ होत नाही. ते अमेरिकेच्या मालकीचं आहे, तिला जोडलेलं आहे, पण शुल्कं सारखी असावीत या कलमापुरता तिचा भाग नाही. काँग्रेस त्यावर हवं ते शुल्क लावू शकते. डाउन्सचे ६५९ डॉलर बुडाले.

मतांची बेरीज मी कागदावर मांडून पाहिली. नऊपैकी आठ न्यायमूर्ती आपापल्या जागेवरून हलले नाहीत. मुख्य न्यायमूर्ती फुलर, हार्लन, ब्रूअर आणि पेकहॅम यांच्या मते बेट दोन्ही वेळा आतलं. व्हाइट, ग्रे, शायरस आणि मॅकेना यांच्या मते बेटावर दोन्ही वेळा शुल्क लागू. एकटे ब्राउन साखरेच्या वेळी एका बाजूला आणि संत्र्यांच्या वेळी दुसऱ्या बाजूला होते. एका माणसाच्या मताने ‘फॉरेन’ आणि ‘अमेरिका’ यांच्यामध्ये तिसरी जागा तयार झाली. घराला असते तशी ओसरी : छपराखालची, पण उंबरठ्याबाहेरची.

त्या ओसरीला तत्त्वाचं रूप व्हाइट यांनी दिलं. काही प्रदेश अमेरिकेत ‘समाविष्ट’ झालेले, काही नुसते ताब्यातले. समाविष्ट कधी करायचं ते काँग्रेस ठरवणार, आणि तोवर घटना पूर्णपणे लागू नाही. या खटल्यात ‘डोमेस्टिक अर्थाने फॉरेन’ हे मत नऊपैकी तिघांचंच होतं. पुढच्या वीस वर्षांत मात्र तेच न्यायालयाचं अधिकृत मत झालं.

हे सगळं शब्दांच्या कीस काढण्यापुरतं असतं तर मी यावर इतकं लिहिलं नसतं. पण ब्राउन यांनी कारणही लिहून ठेवलं आहे. या नव्या मुलखांत परक्या वंशाचे लोक राहतात, धर्म, चालीरीती, कायदे, करपद्धती, विचार करण्याची रीत सगळं आपल्याहून निराळं, तेव्हा अँग्लो-सॅक्सन तत्त्वांप्रमाणे तिथे राज्य करणं काही काळ अशक्य असेल, असं ते म्हणतात. याच ब्राउन यांनी १८९६ मध्ये रेल्वेत गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी वेगळे डबे ठेवणं घटनेला धरून आहे असा निकाल लिहिला होता. त्या वेळी एकट्याने विरोध नोंदवणारे हार्लन इथेही विरोधात होते. आपलं सरकार जगात कुठेही मुलूख घेऊन तो निव्वळ वसाहत म्हणून बाळगू शकतं, ही कल्पनाच घटनेच्या आत्म्याशी विसंगत आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. फुलर यांनी लिहिलं की अशाने काँग्रेस एखादा प्रदेश देह नसलेल्या सावलीसारखा, मधल्या संदिग्ध अवस्थेत, कितीही काळ ठेवू शकेल. हे वाचताना मला आपल्याकडचं ‘बाहेरचं’ आठवलं. अंगात शिरलेल्या, इथलंही नसलेल्या नि तिथलंही नसलेल्या बाधेला आपण ‘बाहेरचं’ म्हणतो. फुलर यांना नेमकं तेच सांगायचं होतं : असं काही निर्माण करू नका.

त्या निकालानंतर दोन महिनेही झाले नव्हते, २५ जुलै १९०१ ला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी बेटाच्या मालावरचं ते शुल्क उठवलं. ज्या शुल्कासाठी शब्द फाडला ते शुल्क गेलं. फाटलेला शब्द तसाच राहिला.

इसाबेल

संत्र्यांचं ठरलं. माणसांचं काय?

ऑगस्ट १९०२ मध्ये इसाबेल गोन्सालेस नावाची तरुणी सान हुआनहून ‘फिलाडेल्फिया’ बोटीने न्यूयॉर्कला निघाली. ती गरोदर होती. ती समुद्रात असतानाच वॉशिंग्टनमध्ये नियम बदलले आणि प्वेर्तो रिकोहून येणाऱ्यांना बाहेरच्या स्थलांतरितांसारखं तपासायचं ठरलं. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे स्थलांतरितांची तपासणी व्हायची, तिला अडवलं गेलं. ‘एलियन’, आणि सरकारवर भार होण्याची शक्यता. बोटीत चढली तेव्हा तिला कोणी अडवलं नसतं, उतरली तेव्हा अडवलं. मधे फक्त पाणी होतं.

इथे दुसरा शब्द नीट पाहायला हवा. ‘एलियन’ लॅटिन ‘आलिएनुस’वरून, म्हणजे दुसऱ्याचा, ‘आलिउस’ म्हणजे दुसरा. आपला ‘परका’ हुबेहूब असाच घडला आहे, कारण ‘पर’ म्हणजे दुसरा आणि परकीय म्हणजे दुसऱ्याचा. फॉरेनमध्ये प्रश्न असतो, तू दाराच्या कुठल्या बाजूला? एलियनमध्ये प्रश्न असतो, तू कोणाचा? इंग्रजीतून मराठीत येताना आपण हे दोन्ही शब्द ‘परकीय’मध्ये कोंबतो, आणि माझं घोडं तिथेच अडलं होतं.

इसाबेलचा खटला कुडेर यांनीच लढवला. तो चालू असताना तिचं लग्न झालं, त्यामुळे तिचा राहण्याचा प्रश्न सुटला होता. तरी तिने खटला सोडला नाही. प्वेर्तो रिकोचे सगळेच लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, हे तिला न्यायालयाकडून म्हणवून घ्यायचं होतं. ४ जानेवारी १९०४ ला एकमताने निकाल आला, आणि तो फुलर यांनी लिहिला. इसाबेल एलियन नाही, तिला अडवता येणार नाही. मग ती नागरिक आहे का? त्याचं उत्तर देण्याची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं.

दुसऱ्याची नाही, आणि आमचीही म्हणणार नाही. या बाईने मागितलेला एक शब्द तिला मिळाला नाही, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

नागरिकत्व आलं ते २ मार्च १९१७ च्या जोन्स कायद्याने. पण १९२२ मध्ये, बेटावरच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा हक्क मागितला तेव्हा, नागरिक असलात तरी तुमचं बेट समाविष्ट नाही असं सांगून न्यायालयाने तो नाकारला. अमेरिकी कायद्यात बेटाचं नावसुद्धा १९३२ पर्यंत ‘पोर्टो’ असं चुकीचं लिहिलं जात होतं. आजही बेटावर राहणारा नागरिक राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकत नाही. तोच माणूस विमानाने फ्लोरिडाला जाऊन घर केलं की देऊ शकतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ठरवलं की वृद्ध आणि अपंगांना मिळणारं एक केंद्रीय अर्थसाहाय्य बेटावरच्यांना नाकारणं घटनाबाह्य नाही. न्यूयॉर्कहून बेटावर राहायला गेलेल्या एका गृहस्थाकडून सरकार २८ हजार डॉलर परत मागत होतं, त्यावरचा हा खटला. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी निकालाशी सहमत होतानाच लिहिलं की १९०१ च्या त्या निकालांना घटनेत आधार नाही, त्यांचा पाया वांशिक समजुतींचा आहे आणि ते मोडीत काढायला हवेत. अजून ते मोडीत निघालेले नाहीत.

बेटावरची भाषा स्पॅनिश. स्पॅनिशमध्ये बाहेर म्हणजे ‘फुएरा’, ‘आफुएरा’, आणि तेही त्याच लॅटिन ‘फोरास’चं लेकरू. मुख्य भूमीवर जाऊन राहिलेल्या आपल्या माणसांना बेटावरचे लोक ‘लोस दे आफुएरा’ म्हणतात, बाहेरचे. दार तेच आहे, फक्त ते आपल्या बाजूने पाहतात.

कांदोळी

आपल्या किनाऱ्यावरचं एक प्रकरण याच्या शेजारी ठेवावंसं वाटतं, कारण त्यातही माणूस हलला नाही, दार हललं.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने गोव्यात जन्मलेले लोक २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक ठरले. ज्यांना पूर्वीचं नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांना तसं लिहून देण्यासाठी महिन्याची मुदत होती. बार्देशातल्या कांदोळीचे एक धर्मगुरू, रेव्हरंड मोन्तेरो, यांनी पोर्तुगीज राहायचं लिहून दिलं. त्यांना तात्पुरता राहण्याचा परवाना मिळाला. मुदत संपल्यावर त्यांनी तो वाढवून घेतला नाही, आणि जायला सांगितलं तरी ते गेले नाहीत. १९४६ च्या फॉरेनर्स कायद्याखाली खटला झाला. तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. जिनिव्हा करारांचा आधार घेऊन त्यांनी सांगितलं होतं की हा अजून व्यापलेला प्रदेश आहे, मला इथून हलवता येत नाही. न्यायालय म्हणालं, लष्करी ताब्याचा काळ संपला, आता ही भारताची भूमी आहे.

हे प्रकरण प्वेर्तो रिकोसारखं नाही, आणि ते तसं रंगवणं चूक होईल. इथे सगळ्या गोवेकरांना सरसकट घरात घेतलं होतं; बाहेर राहण्याचा पर्याय त्या गृहस्थांनी स्वतः निवडला. निकाल मला योग्यच वाटतो. पण जन्मगावात, आपल्याच दारात उभा असलेला माणूस कायद्याने ‘फॉरेनर’ होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना समजावायला यापेक्षा जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही. २०२५ मध्ये रद्द झालेल्या त्या कायद्यातली व्याख्याही पाहण्यासारखी होती. १९५७ च्या दुरुस्तीनंतर ती एका ओळीची झाली : जो भारताचा नागरिक नाही तो फॉरेनर. कुठून आला, कोणाचा, किती लांबचा, काही नाही. फक्त आतला नाही, एवढंच.

गोव्यात आजही बाहेरून आलेल्याला ‘भायलो’ म्हणतात. भायर म्हणजे बाहेर, दोन्ही संस्कृत ‘बहिस्’पासून. दिल्लीचाही भायलो, लंडनचाही भायलो. मध्ययुगीन लंडनच्या पेठेतल्या ‘फॉरेन’ला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

तर ते वाक्य. साखरेच्या निकालात मी ‘फॉरेन’ला ‘परदेशी’ हाच शब्द ठेवला, कारण तिथे वाद खरोखर देशाचा होता. संत्र्यांच्या निकालातून तो शब्द पूर्ण काढून टाकला. व्हाइट यांचं वाक्य आता असं छापायला गेलं आहे : ‘राष्ट्राराष्ट्रांच्या हिशेबात हे बेट अमेरिकेला परकं नाही, कारण त्यावर तिचीच सत्ता आणि मालकी आहे, पण घरच्या हिशेबात ते दाराबाहेरचं आहे, कारण त्याला घरात सामावून घेतलेलं नाही, नुसतं मालकीचं म्हणून घराला जोडलेलं आहे.’ मुद्रितशोधकाने ‘दाराबाहेरचं’खाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात विचारलं होतं, कायद्याच्या पुस्तकात हा शब्द चालेल का. त्या रेघेशेजारी मी ‘ठेवा’ असं लिहून पान परत पाठवलं.